सावलीचं ताट

मित्सुए याआधी ओसाकाला आलीच नव्हती असं नाही. नवरा आजारी होता तेव्हा इथल्या मोठ्या इस्पितळाच्या फेऱ्या झाल्या होत्या. पण ते येणं म्हणजे स्टेशनातून इस्पितळात आणि इस्पितळातून परत स्टेशनात. शहर म्हणून जे काही असतं ते बसच्या काचेतून सरकताना दिसलेलं, तेवढंच. आता साठी जवळ आल्यावर ती पहिल्यांदाच नुसती फिरायला म्हणून आली होती. उमेदाच्या स्टेशनात चहूबाजूंनी माणसं वाहत होती आणि आपल्याला कुठेच पोचायचं नाही म्हटल्यावर पाऊल कोणत्या बाजूला टाकायचं, हे काही तिला सुचेना.

"ताई! अगं खांबासारखी काय उभी राहिलीस? लोक तुला वळसा घालून चाललेत!"

ही चिझुको, तिची धाकटी बहीण. हिचं तेन्माच्या छप्पर घातलेल्या बाजारात केस कापण्याचं दुकान. नवऱ्याला सोडून जमाना झाला, पोरंबाळं नाहीत, केस रंगवून लालभडक केलेले आणि तोंडाचा पट्टा सदा चालू. तिने मित्सुएच्या हातातली पिशवी हिसकावूनच घेतली.

"आधी पोटात काहीतरी टाकू. रिकाम्या पोटी हे शहर बघायचं नसतं."

"गाडीत डबा खाल्ला गं मी."

"डबा म्हणजे काय जेवण? चल मुकाट्याने."

बाजाराच्या तोंडाशीच एक गाडी होती. तिथे उभ्या उभ्या त्यांनी ऑक्टोपसचे गरमगरम गोळे खाल्ले. जीभ भाजत होती, वर घातलेले माशाचे पातळ काप वाफेने हलत होते. मित्सुएची ताटली संपली. मग चिझुकोच्या ताटलीतलेही तिने संपवले. मग आणखी एक ताटली मागवली, तीही रिकामी झाली, आणि गाडीवाला हसायला लागला.

"बाईसाहेब, ऑक्टोपस समुद्रात संपतील हो!"

"सासूने इतकी वर्षं उपाशी ठेवली होती की काय गं तुला?" चिझुको खिदळली.

मित्सुएचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. मग ती पण हसली, हसायला हवं होतं म्हणून.

खरं तर उपाशी ठेवणाऱ्यांतली सासू नव्हतीच ती. तोमे तिचं नाव. ताजिमाच्या डोंगरात, बर्फात घरं अर्धी बुडतात अशा गावात, सून घरात आल्या दिवसापासून पहिली वाटी सुनेची भरणारी बाई. शेवटची नऊ-दहा वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, डोक्यातलंही हळूहळू पुसत गेलं, आणि मित्सुएने तिचं सगळं केलं. गावात जो तो म्हणे, सून असावी तर अशी. ती गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधीही रीतसर पार पडले. मग शेजारच्या हारुयोकाकू स्वतःच म्हणाल्या, "जा जरा बहिणीकडे. किल्ली दे माझ्याकडे, देव्हाऱ्यापुढे रोजचा भात मी ठेवीन. तुझा जीव काही दगडाचा नाही."

चिझुकोच्या मनात तर वेगळंच होतं. फ्लॅटमधली मागची खोली तिने झाडून पुसून ठेवली होती, खिडकीला नवे पडदे लावले होते.

"चार दिवस-बिवस काही नाही, ताई. इथेच राहायचं तू. तिकडे आता कोण आहे तुझं? बर्फ उपसायला जाणारेस? माझ्या दुकानात गिऱ्हाइकांची डोकी धू. गप्पा मार. जग जरा."

मित्सुए पडद्यांकडे बघत राहिली. तिला राहायचं होतं. इतकं राहायचं होतं की आपल्याच मनाची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून दोघी फिरू लागल्या. चिझुकोने दुकानाला सुट्टीची पाटी लावली होती. किल्ल्याभोवतीचे वृक्ष पिवळेधमक झाले होते आणि पानं खंदकाच्या पाण्यावर पडून तशीच तरंगत होती. कालव्याकाठी दुकानाच्या कपाळावर बसवलेला तो अवाढव्य यांत्रिक खेकडा पाय हलवत होता आणि त्याच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढत होते. मित्सुए सगळं बघत होती, पण बघणं आत उतरत नव्हतं. कारण तिला भूक लागलेली होती.

भूक म्हणजे कसली! तळलेला टोफू घातलेल्या उदोनच्या जाड शेवया खाल्ल्या, काडीला टोचलेले मांसाचे तुकडे खाल्ले, तव्यावर चुरचुरणारं कोबीचं जाड धिरडं तिने एकटीने फस्त केलं. घास गिळताना चव लागायची, घशाखाली उतरला की संपलं. पोटात काही पोचतच नव्हतं. खाऊन बाहेर पडावं आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुन्हा तेच. चौथ्या दिवशी तर स्कर्टची कंबर ढिली झालेली तिला जाणवली, आणि देवळाच्या पायऱ्या चढताना ती मध्येच पायरीवर बसली. आताच तर दोघी पोटभर जेवून उठल्या होत्या.

"तुला साखरेचा आजार तर नाही ना लागला?" चिझुको घाबरली. "डॉक्टरकडे जाऊ या."

"डॉक्टर नको."

"का नको?"

मित्सुएने बरगड्यांखाली हात दाबून धरला. तिला ठाऊक होतं. धडधाकट माणसाची भूक ओरडते, गुरगुरते, चिडते. ही तशी नव्हती. ही बरगड्यांखाली गप्प पडून होती आणि वाट बघत होती. हाका मारून थकलेलं माणूस जसं वाट बघतं, तशी. ही भूक आपली नाही, हे मित्सुएला पायरीवर बसल्या बसल्या कळलं. कुणाची तेही कळलं.

घरी आल्यावर चहाच्या पेल्याभोवती दोन्ही हात धरून ती एकदम म्हणाली, "चिझू, आई उपाशी गेल्या."

"कोण उपाशी गेलं?"

"माझ्या सासूबाई. मी त्यांना जेवायला दिलं नाही."

मग तिने सांगितलं. म्हातारीला जेवल्याचं आठवायचं नाही. ताट उचललं की लगेच हाक यायची, 'मित्सुए, माझं जेवण राहिलंय गं.' दिवसातून कितीदा तरी. आणि मित्सुए दर वेळी सांगायची, झालं आई, मघाशीच झालं. म्हातारीही सज्जन, लगेच म्हणायची, 'झालं का? बरं बरं,' आणि गप्प पडायची. त्या शेवटच्या दिवशी दुपारी मित्सुएने अळकुड्या शिजवल्या, मुळा शिजवला, म्हातारीला दात नव्हते म्हणून सगळं बारीक चिरलं, ताट मांडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

चिझुकोने पेला खाली ठेवला. "माझा?"

"तुझा. तू ओसाकाचं सांगत होतीस. तो खेकडा कसा पाय हलवतो ते. आपण किती हसलो गं त्या दिवशी! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आतून हाक आली, राहिलंय गं जेवण. मी फोनवर हात ठेवला आणि ओरडून सांगितलं, झालं की मघाशीच! त्या म्हणाल्या, बरं बरं." मित्सुएचा आवाज फुटला. "संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर ताट तसंच. झाकलेलं, गार. त्या झोपल्या होत्या. म्हटलं, आता उठवायला नको, सकाळी लवकर देईन. सकाळी त्या नव्हत्या. डॉक्टर येण्याआधी मी ते ताट मागच्या खड्ड्यात रिकामं केलं. आणि धुऊन ठेवलं."

खालून बाजारातल्या विक्रेत्यांचा ओरडा ऐकू येत होता.

"म्हातारं माणूस होतं, ताई," चिझुको शेवटी म्हणाली. "एका जेवणाने काही मेली नाही ती."

"माहीत आहे. पण त्यांना खरंच भूक लागली होती, आणि मी सांगितलं की नाही लागली. आणि त्यांनी माझं खरं मानलं."

चिझुकोने दोन्ही पेले उचलले आणि धुवायला नेले.

सकाळी उठून मित्सुए बाजारात गेली आणि अळकुड्या घेऊन आली. काय करायचं ते तिला अंथरुणातच सुचलं होतं. तिच्या गावातले पुरुष दर हिवाळ्यात साकेच्या भट्ट्यांवर कामाला जायचे, वसंतात परतायचे. ते नसताना तोमे रोज त्यांच्या जागेवर ताट मांडायची. आधी नवऱ्याचं, पुढे मुलाचंही. सावलीचं ताट म्हणतात त्याला. घरातून गेलेलं माणूस परमुलखात उपाशी राहू नये, त्याचं पोट इथून भरावं, म्हणून. मित्सुएसाठी कधी कुणी तसं ताट मांडलं नव्हतं, कारण ती कधी कुठे गेलीच नव्हती.

तिने अळकुड्या मऊ शिजवल्या, मुळा शिजवला, सुरी चालवून सगळं बारीक केलं. भात, मिसोचं कढण, लोणच्याची एक फोड. ताट टेबलाच्या रिकाम्या बाजूला मांडलं, वाट्यांवर झाकणं ठेवली आणि गुडघे टेकून म्हणाली, "आई, फार उशीर झाला. जेवा आता."

उठून उभी राहिली तेव्हा भूक गेली होती.

नुसती कमी झाली नव्हती. गेली होती. बरगड्यांखालची जागा मोकळी, हलकी. तिने एक साधा पावाचा तुकडा खाल्ला आणि तो पोटात जाऊन बसला, त्याचा तिला इतका आनंद झाला की ती स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसली.

त्यापुढचे दिवस तिच्या आयुष्यातले सुखाचे म्हणायला हवेत. चिझुकोने दुकान उघडलं, आणि मित्सुए सकाळी ताट मांडून एकटीच बाहेर पडू लागली. नदीतल्या नावेत बसली. पूल आला की नावेचं छप्पर खाली यायचं आणि सगळ्यांना माना वाकवाव्या लागायच्या. शेजारच्या म्हातारबाबांनी मान वाकवली नाही म्हणून नावाड्याने त्यांची जी फिरकी घेतली, ती ऐकून तिची हसून पुरेवाट झाली. खेकड्यासमोर तर ती हवा तितका वेळ उभी राहिली. तो खरंच पाय हलवत होता, अगदी फोनवर ऐकलं होतं तसा. हसू आलं, की पाठोपाठ कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. मग ती मनाशी म्हणायची, वाढून आले आहे मी, आज विसरले नाही.

चिझुकोची कुरबुर मात्र सुरू झाली. सावलीचं ताट टाकून द्यायचं नसतं, दिवस कलला की घरच्यांनीच खायचं असतं, म्हणून दुकानातून आली की ती ते खायची.

"ताई, मीठ विसरलीस."

"नाही गं. नेहमीसारखंच घातलंय."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज तर कशालाच चव नाही. लोणच्यालासुद्धा! अगं, लोणचं आंबट नको लागायला?"

मित्सुएने एक घास घेतला. मुळा दाताखाली विरघळला आणि तोंडात काहीच उरलं नाही. भिजलेला कागद खावा तसं. सकाळी तिने स्वतः चाखून बघितलं होतं तेव्हा ते उत्तम झालं होतं.

त्यानंतर एकदा चिझुकोने ताट पुढे ओढलं आणि भिवया वर केल्या. "आज तू आधीच खाल्लंस वाटतं?"

"मी हात लावला नाही."

"मग जेवायच्या काड्यांची ही टोकं ओली कशी? आणि अळकुड्या अर्ध्याच आहेत." मग तीच म्हणाली, "जाऊ दे. थोड्याच केल्या असशील."

"थोड्याच केल्या असतील," मित्सुए म्हणाली. तिच्या मानेवरून काहीतरी गार सरकलं, पण त्याबरोबरच छातीतला एक दगडही हलला. कुणीतरी जेवलं होतं.

त्याच संध्याकाळी तिने बहिणीला सांगितलं, "मी राहते इथे."

चिझुकोने तिला मिठी मारली, मग रडली, मग रडल्याबद्दल मित्सुएलाच शिव्या दिल्या, आणि खाली जाऊन बियरच्या बाटल्या घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून फिरता फिरता मित्सुएने हारुयोकाकूंना फोन लावला. घर आवरायला मी एकदा येईन, मग तिकडचं बंद करीन, असं सांगायचं होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"छान केलंस. तुझ्या सासूलाही बरंच वाटेल. भात ठेवते हो मी रोज तिच्यापुढे."

"मीही ठेवते इथे," मित्सुए म्हणाली. तिला कुणाला तरी सांगायचंच होतं. "रोज सकाळी सावलीचं ताट मांडते त्यांचं."

पलीकडे काकू हसत सुटल्या. "अगं खुळे! सावलीचं ताट मेलेल्याला मांडतं का कुणी? मेलेल्याचा भात देव्हाऱ्यापुढे. सावलीचं ताट परगावी गेलेल्याचं. जो जिवंत आहे आणि परत यायचाय त्याचं! जिथे ताट मांडतेस तिथे तो येतो. म्हणून तर मांडायचं. एवढी वर्षं त्या घरात काढलीस आणि एवढंही ठाऊक नाही तुला?"

मित्सुए फळवाल्याच्या दुकानापुढे उभी होती. पर्सिमोनांचा ढीग, वर पिवळा दिवा. फळवाला कुणाशी तरी भावावरून हुज्जत घालत होता.

"मला वाटलं, त्या जेवायला राहिल्या आहेत म्हणून," ती म्हणाली.

"बरं, ते असू दे. तू काल येऊन गेलीस का गं इथे?"

"नाही. का?"

"आज भात ठेवायला गेले तर पुढचं दार सताड उघडं. कुलूपबिलूप फोडलेलं नाही, आतून कडी काढलेली. चोरीला काही गेलेलं दिसत नाही. पण तिच्या खोलीत अंथरूण घातलंय. आपण दोघींनी गुंडाळून कपाटात ठेवलं होतं ना? ते घातलंय, आणि पांघरूण असं एका बाजूला सारलंय. माणूस उठून जाताना सारतो तसं." काकूंचा आवाज खाली आला. "आपल्या दोघींशिवाय किल्ली कुणाकडे आहे?"

मित्सुएने काय उत्तर दिलं ते तिला आठवत नाही.

ती घराकडे निघाली. आधी चालत, मग पळत.

लिफ्ट वर जाताना तिने भिंतीला हात टेकला. दार तिने लावून घेतलं होतं तसंच लावलेलं होतं. किल्ली फिरवली. आत दुपारचं ऊन होतं, नव्या पडद्यांतून आलेलं. पायांतले बूट तिने तसेच दाराशी भिरकावले आणि आत धावली.

ताट रिकामं होतं.

चारही वाट्या रिकाम्या. झाकणं एकावर एक रचून बाजूला. भाताच्या वाटीत चहा ओतून, लोणच्याच्या फोडीने वाटीच्या कडा पुसून, तो चहा पिऊन टाकलेला. भाताचं एक शीतसुद्धा चिकटलेलं नाही. तोमे अशीच जेवायची, हातपाय चालत होते तेव्हा.

मित्सुए मटकन खाली बसली. भीती वाटायला हवी होती. पण सगळ्यांत आधी आला तो हुंदका, आणि त्या हुंदक्यात शब्द होते ते एवढेच, "जेवल्या. आई जेवल्या." तिने पोटभर रडून घेतलं. ती वाटी छातीशी धरली. मग डोळे पुसले, तोंड धुतलं.

घर अगदी शांत होतं. मागच्या खोलीचं सरकतं दार बंद होतं. तिने ते सकाळी उघडं ठेवलं होतं का, हे तिला आठवेना. ती तिकडे गेली नाही.

त्याऐवजी ती दाराशी गेली, मघाशी भिरकावलेले बूट नीट लावायला. घरात येणारं माणूस बूट काढून सरळ आत येतं, बुटांची तोंडं आतच राहतात. ती दाराकडे फिरवून ठेवायची म्हणजे निघताना सोपं जातं. सून म्हणून आली त्या दिवसापासूनची तिची ही सवय. ती गुडघ्यांवर बसली. स्वतःचे बूट फिरवले. चिझुकोच्या चपला फिरवल्या. मग तिसरा जोड फिरवला.

फिरवल्यावर तिचं लक्ष गेलं.

जांभळ्या कापडाचे, पोरीच्या पावलांना येतील एवढे बूट, तोमेचे. तळव्याला तांबडी ओली माती, ओसाकात कुठे दिसत नाही तसली. तिने आत बोटं घातली. आत ऊब होती.

तिने ते इतर जोडांच्या शेजारी, दाराकडे तोंड करून, अगदी सरळ लावले. हात धुवायला आत गेली. साबण दोनदा लावला.

परत आली तेव्हा बाकीचे दोन्ही जोड तसेच होते. जांभळ्या बुटांची तोंडं मात्र आत वळलेली होती.